बाहीवरचा भुंगेरा

“हलू नका!” ती ओरडली.

हातातली मोजमापाची काठी तशीच धरून भूमापक जागीच थिजला. टेकडीच्या उतारावरून, पांढऱ्या रानफुलांतून धावत ती त्याच्यापाशी आली आणि त्याच्या बाहीवर अलगद काचेची नळी टेकवली. आत एक लांबट भुंगेरा शिरला. काळे पंख, तांबडी मान.

“चावतो का?”

“छे! सैनिक भुंगेरा म्हणतात याला. गणवेशासारखे रंग ना, म्हणून. पंख मात्र अगदी मऊ.”

“म्हणजे नुसताच रुबाब! आमच्या साहेबांसारखा.”

ती खळखळून हसली... आणि स्वतःचंच हसू ऐकून दचकली.

संग्रहालयाच्या तळघरातल्या कीटक विभागात ती एकटीच काम करायची. दिवसभर सोबतीला टाचणीला टोचलेले किडे. घरी आल्यावर मावशीचा फोन – “जेवलीस का गं?” – की दिवस संपला.

तिने तो भुंगेरा कपाटातल्या सगळ्या भुंगेऱ्यांशी ताडून पाहिला. मिशा वेगळ्या, मानेची ठेवण वेगळी. अशी जात आजवर कुणी नोंदवलीच नव्हती! सांगायचं कुणाला? दुसऱ्या दिवशी तिची पावलं आपसूक टेकडीकडे, भूमापकाकडे वळली. नव्या जातीचं तिने त्याला सगळं सांगितलं.

“पण वर्णन अर्धंच आहे,” ती म्हणाली. “हा नर. मादी मिळायला हवी.”

“मग चला, स्थळं बघायला निघू!” काठी खांद्यावर टाकत तो म्हणाला.

रोज संध्याकाळी काम आटोपून तो यायचा. दोघं फुलं धुंडाळायची. बोलता बोलता कळलं, तोही गावोगाव भाड्याच्या खोलीत एकटाच राहणारा. रिमझिम पावसात एकदा त्यानेच हाक मारली, “इकडे... हळू या.” एका फुलावर मादी बसली होती. एकटी नव्हती. नर तिला बिलगून होता. दोघंही बघतच राहिली, मग एकदमच भलतीकडे पाहू लागली.

वर्णन पूर्ण झालं, तसं त्याचं कामही संपलं. पुढच्या गावी निघताना बसथांब्यावर तो म्हणाला, “नव्या जातीला माझं नाव द्या ना. निदान तुमच्या कपाटात तरी राहीन.”

“नाही देणार.”

“एवढा का राग?”

“राग नाही...” ती म्हणाली. “नाव आठवणीसाठी देतात. मला तुमची आठवण नकोय. तुम्ही... तुम्ही हवे आहात.”

बस आली. तो काही बोलणार, तोवर मागच्या माणसांनी त्याला आत लोटलं. भुंगेऱ्याला तिने टेकडीचं नाव दिलं. मग तळघर, घर, मावशीचा फोन. आपण उगाच बोलून बसलो, असं तिला राहून राहून वाटत होतं. टेकडीकडे जायचा धीर होईना.

रविवारी दुपारी फोन वाजला. मावशी नव्हती.

“इथे नव्या गावात खोली मिळाली,” तो म्हणाला. “खिडकीपाशी दोन टेबलं आहेत. एक माझं झालं. दुसऱ्यावर... काय ठेवू?”

फोन कानाशी धरूनच तिने पायांत चपला सरकवल्या.

“ऐकताय ना?”

“काही ठेवू नका,” ती म्हणाली. “मी येतेय.”