मेलेल्याचाच कोट

हसताय कसले? आधी ऐका. सेफेरिनो गवंडी माझा जुना दोस्त. थापाड्या, पण ही थाप नाही.

तीन वर्षांपूर्वी, कार्निव्हलचा शेवटचा मंगळवार, रात्रीचे अकरा. चौकात बायका पेंढ्याचा बाहुला चादरीवर उडवणार होत्या. चादर आणायला सेफेरिनो बेनिल्देबाईंकडे गेला. त्यांच्या दिवाणखान्यातलं ते जुनं, काळं छापील चित्र सगळ्या आरागोन प्रांताला ठाऊक: चार बायका खदाखदा हसताहेत, ताणलेल्या चादरीवर उघडाबोडका बाहुला हवेत.

"बाहुल्याला कोट मेलेल्याचाच घातलाय ना रे?" म्हातारीनं विचारलं. "जित्या माणसाचा चालत नाही."

"मेलेल्याचाच, बाई!"

खोटं. कोट होता मेल्कियादेसचा, आपल्या चर्चच्या तोतऱ्या घंटावाल्याचा. त्यानं ओब्दुलियाला मागणी घातली, म्हणून गावाला त्याची टर उडवायची होती. दोरीवर वाळत घातलेला तो कोट सेफेरिनोनंच ओढला होता. चादर जड, म्हणून स्वतःचा कोट चित्राशेजारच्या खुंटीला टांगून तो निघाला.

मेल्कियादेस नुसत्या सदऱ्यावर चौकात धावत आला.

"को-कोट द्या. आ-आईनं शिवलाय."

"मग आईला म्हणावं, नवरीसुद्धा शिवून दे!" ओब्दुलिया ओरडली. "उंच गं, बायांनो!"

बाहुला उडाला. मेल्कियादेसच्या टाचा उचलल्या. "नाचतोय बघा!" लोक हसले. सेफेरिनोनं नीट पाहिलं. पाय जमिनीला टेकत नव्हते. 'थांबा' म्हणायला त्यानं तोंड उघडलं... आणि चारचौघांत आपलंच हसं होईल म्हणून तोही हसला. मला त्याचा अजून राग येतो.

"आणखी उंच!"

बाहुला वर. मेल्कियादेस... घंटेच्याही वर.



बायकांचे हात सुटले. चादर खाली पडली.

बाहुला पडला. पेंढा, आवाजसुद्धा नाही.

मग दुसरा आवाज आला...

पहाटे सेफेरिनो चादर परत द्यायला गेला. खुंटी रिकामी. चित्रातल्या बाहुल्याच्या अंगात कोट, कोपरावर चौकोनी ठिगळ. सेफेरिनोच्याच बायकोनं लावलेलं.

तेव्हापासून दर कार्निव्हलला मी त्याला पलंगाला पट्ट्यांनी बांधतो. यंदाही बांधला. सकाळी सोडायला गेलो. पट्टे घट्ट होते. सेफेरिनो डोळे उघडे ठेवून पडलेला. जिवंत आहे, पण त्या सकाळपासून एक शब्द बोललेला नाही.

अंथरुणभर चुना सांडला होता. मी वर पाहिलं. त्यानं स्वतःच्या हातानं केलेल्या छताच्या गिलाव्यात पलंगाच्या चार खांबांचे चार खड्डे होते.