सांधलेली नडगी

तुर्काना सरोवराच्या काठची खडी धुंडाळून जुनी हाडं वेचायला लागून अकुवामला तेवीस वर्षं झाली होती. दगड कुठला आणि हाड कुठलं, हे ती चालता चालता सांगे. त्या हंगामात तर तिनं कडी केली. एका कोरड्या ओढ्यात तिला जवळजवळ अर्धी बाई सापडली, तीसेक लाख वर्षांपूर्वीची.

संशोधक मंडळी सामान आणायला शहराला गेली. छावणीत उरले दोघंच, अकुवाम आणि तिचा धाकटा दीर लोकाले, तिथला आचारी.

ताडपत्रीखाली टेबलावर ती हाडं मांडू लागली की लोकाले पळी घेऊन येई.

"ही आपली पूर्वज? सात-आठ वर्षांच्या पोरीएवढी तर आहे!"

"गुडघा बघ. आपल्यासारखीच दोन पायांवर चालायची. बोटं मात्र वाकडी, फांदी धरायला. झोपायलाही झाडावरच जात असेल."

"हनुवटी नाही, दाढा जात्यासारख्या. वहिनी, ही थेट आमची आई गं!"

अकुवाम हसून हसून खाली बसली. मग तिनं नडगी उचलली. मधोमध गाठ होती. मोडून पुन्हा सांधलेलं हाड.

"अशा पायानं ना चढता येत, ना काही आणता येत. कुणीतरी महिना-दोन महिने हिला बसल्या जागी भरवलं असणार."

"म्हणजे आचारी तेव्हाही होता," लोकाले म्हणाला. "आणि त्याच्या हाताला चव आहे असं तेव्हाही कुणी म्हटलं नसेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं चाळणीचं काम आटपून परतली, तर टेबलावर जबड्याशेजारी एक एंगोल होतं. ताडासारख्या झाडाचं ते तपकिरी, टणक, गुळचट फळ.

"पुरे तुझी थट्टा," अकुवाम म्हणाली.

"आईशप्पथ, मी नाही. ते झाड इथून दोन तासांवर. थट्टेसाठी एवढी पायपीट कोण करेल?"

तिसऱ्या दिवशी दोन फळं होती. एक कुरतडलेलं.

चौथ्या दिवशी फळ नव्हतं. चावून चावून मऊ केलेला त्याचा गर होता, जबड्यासमोर नीट ठेवलेला.  चहा ओतताना लोकाले म्हणाला, "माझ्याहून बरा आचारी दिसतोय." दोघं हसली, पण त्या दिवशी दोघं एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यातच वावरली.

पाचव्या दिवशी उरलेली हाडं शोधताना ओढ्याची दरड अकुवामच्या पायाखालून सुटली. खाली पडली तेव्हा नडगी मोडल्याचा आवाज तिनं स्वतः ऐकला.

लोकाले धावत आला. दोन काठ्या लावून पाय बांधला, पाणी ठेवलं.

"गावातून कुणाची तरी गाडी घेऊन येतो. त्या बाभळीखाली सरक. उन्हात राहिलीस तर भाजून निघशील."

"जा रे. मी काय पळून जातेय?"

ती हातांवर भार देत, बसल्या बसल्या मागे सरकत निघाली. डोळ्यांपुढे अंधारी येत होती. शेवटी पाठीला बुंधा लागला, खरखरीत आणि उबदार. तिनं अंग टेकलं.

पाणी संपलं. ती ग्लानीत गेली, जागी झाली, पुन्हा गेली.

ओठांशी काही मऊ, गोड आलं. तिनं खाल्लं. पुन्हा आलं, पुन्हा खाल्लं.

मग भोंगा वाजला.

"वहिनी!" लोकाले ड्रायव्हरच्या पुढे धावत आला. "झाडाखाली सरक म्हटलं होतं ना? भर उन्हात काय बसलीस?"

"झाडालाच तर टेकलेय. उन्हानं तुलाच दिसेनासं झालंय."

लोकालेनं हात करून दाखवलं. बाभूळ पंधरा पावलांवर होती.

दोघांनी तिला उचललं. "गर बरा होता," ती म्हणाली. लोकाले हसायला गेला आणि थांबला.

गाडीकडे जाताना तिनं वळून पाहिलं. ती बसली होती त्या जागेच्या मागे एक लहानसा खळगा होता, सात-आठ वर्षांची पोर बसून उठावी एवढा. त्याच्या कडेची वाळू अजून आत घरंगळत होती.