डाव्या हाताचा पीळ

सरका जवळ. आणि मधे हसायचं नाही. सविता नवलाख उंबरे गावातच राहते, हे तिनं मला समोर बसून सांगितलंय.

गेल्या मार्गशीर्षातली अवस. रात्रपाळीला निघताना तिनं अंगणात पाहिलं, कपडे वाळत घालायची तार तुटून लोंबत होती. नवरा हनुमंत गेल्यापासून तशीच. सुहास दर वेळी म्हणायचा, "उद्या जोडतो, ताई."

सुहास म्हणजे हनुमंताचा कामावरचा जोडीदार. त्यानंच तिला तांब्याच्या तारेच्या कारखान्यात लावलं, तिच्याकडून राखी बांधून घेतली. आणि त्यानंच सांगितलं होतं, "मशीनच्या दाराचं स्विच हनम्यानंच बांधून ठेवलतं, ताई. कामाच्या घाईत जीव गेला."

बारीक तारा एकत्र पिळणारं बंचिंग मशीन ते. दार उघडलं की आतला दांडा थांबलाच पाहिजे. पण तारेचा तुकडा लावून स्विच बांधलं, की दार उघडं असूनही मशीन फिरतं. हनुमंताचा हात आत होता, तेव्हा ते फिरलं. तेव्हापासून सासू लेकाचं नाव घेताना मान खाली घालायची.

त्या रात्री त्याच मशीनवर तार तुटायला लागली. सुहासनं जोडली. तुटली. ताण सैल केला, पुली पुसली. पुन्हा तुटली.

"तार कडक लागतीय," तो वैतागून म्हणाला. "ॲनिलिंगच्या भट्टीत मऊच झाली न्हाई. बघून येतो. हितनं हलू नका, ताई."

तो गेला. सविता नवी रिळं आणायला मागं वळली. परत आली, तर...

तार जोडलेली.

तिनं बोट फिरवलं. सुहासचा पीळ उजवीकडं जायचा, आणि टोक टोचू नये म्हणून तो ते दुमडून टाकायचा. हा पीळ डावीकडं गेलेला. टोक सरळ.

त्या कारखान्यात डावखुरा एकच होता.

"कोन हाय?"

कुणीच नाही. फक्त पंखे.

मग पायाला काहीतरी लागलं. दाराच्या स्विचचं झाकण. स्क्रू शेजारीच, नीट ओळीनं ठेवलेले. अपघातानंतर स्विच नवं बसवलं होतं. तिनं मोबाइलचा उजेड आत मारला. नव्या स्विचला तारेचा तुकडा बांधलेला... उजवा पीळ. दुमडलेलं टोक.

मेलेला माणूस नवं स्विच कसा बांधेल?

"ताई... तितं हात घालू नका."

सुहास मागं उभा होता.

"दार उघडं हाय, भाऊ. मशीन बंदच राहील न्हवं?" तिनं हात आत धरला. "दाबा की बटन."

सुहासचा हात खालीच.

"दाबा. माझ्या नवऱ्यानं बांधलतं न्हवं ते?"

"वरनं सांगितलं... दर वेळी मशीन थांबतं, माल निघत न्हाई... मी फकस्त..."

"आन् मला काय सांगितलंत? मनगटाला राखी असताना?"



सवितानं हात बाहेर काढला.

आणि दांडा हलला.

बटण कुणी दाबलं नव्हतं.

एक फेरा. सावकाश...

थांबला. सुहासच्या अगदी समोर.

सवितानं तो दुमडलेल्या टोकाचा तुकडा स्विचमधून सोडवला, पदराच्या गाठीत बांधला आणि पाळी संपायची वाट न बघता चालत निघाली. सासूपुढं ठेवायचा होता तो.

गावात घरी पोचली तेव्हा उजाडत होतं. सासू अंगणात उभी होती, वर बघत.

कपड्यांची तार जोडलेली होती. ताठ.

"सुहास येऊन गेला का गं?" सासूनं विचारलं.

सवितानं पुढं होऊन हात लावला. नवं, चकचकीत तांबं. पीळ डावीकडं गेलेला.

थंडीत अंगणातला पत्रा दवानं ओला होता...

आणि तार गरम होती. भट्टीतून आत्ताच काढावी तशी.