बंद टाकीची तपासणी

ही गोष्ट खोटी वाटली तर वाटू दे. पण ती माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलेली आहे, आणि माझी मावशी खोटं बोलणाऱ्यांतली नाही. तिची नोकरीच मुळी दुसऱ्यांचं खोटं पकडण्याची.

हर्मिनिया ओल्वेरा तिचं नाव. सरकारने ज्या कामावर पैसा घातला ते काम खरंच उभं आहे का, हे जागेवर जाऊन बघणाऱ्या ऑडिट खात्यात ती वीसेक वर्षं आहे. पूल असेल तर ती त्यावरून चालून बघते. नळ असेल तर सोडून बघते. भुताखेतांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता.

नव्हता.

पुएब्ला राज्याच्या डोंगरातलं एक गाव. नाव सांगत नाही, तिथे अजून माणसं राहतात. मे महिना. पाऊस लांब होता. ऊन इतकं, की रस्त्यावरची कुत्रीसुद्धा गाड्यांखाली शिरून बसलेली.

आणि वेळ भर दुपारची. रात्र नव्हे. हे मावशी दोनदा सांगते.

तपासायचं होतं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र. गावाचं मैलापाणी तिथे यायचं, स्वच्छ व्हायचं आणि मग नदीत जायचं. कागदावर ते दोन वर्षं सुरळीत चालू होतं. मावशीबरोबर तिचा जुना सहकारी एवारिस्तो होता. निवृत्तीला टेकलेला, गोडबोल्या, कुणाशी वाकडं न घेणारा माणूस.

नगरपालिकेचा इंजिनियर बार्रागान फाटकातच उभा होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, अंगाला अत्तराचा घमघमाट.

"या मॅडम, या! आधी जेवून घ्या. मोलेचा तिखट रस्सा केलाय, टर्की कापलीय तुमच्यासाठी."

"आधी काम," मावशी म्हणाली.

"बघा हं, थंड झालं तर माझी बायको मला कापेल."

एवारिस्तो हसला. मावशी हसली नाही.

तिला काहीतरी खटकत होतं. येताना तिने पुलावरून नदी पाहिली होती. काळं, जाड पाणी. वर पिवळट फेस. काठाला अडकलेले बाळांचे लंगोट, कोंबड्यांची आतडी, आणि त्यातच गुडघाभर पाण्यात उभ्या राहून कपडे धुणाऱ्या बाया. वास असा, की तिने गाडीची काच वर केली होती.

आणि इथे...

इथे कसलाच वास नव्हता.

मैलापाण्याच्या केंद्रात. भर उन्हाळ्यात.

एक माशीसुद्धा नव्हती.

निळे रंगवलेले कठडे. कडेला फुलझाडं. शेवटच्या टाकीत नितळ पाणी, आणि त्यात चक्क लाल मासे सोडलेले! बार्रागानने ग्लास बुडवला आणि त्यांच्यासमोर घटाघट प्यायला.

"घ्या! गावाने सकाळी संडासात सोडलेलं पाणी आहे हे. आहे का कुठे वास?"

मावशीने तोंड फिरवलं. त्या पाण्यामुळे नाही. ते विहिरीचं, टँकरने आणून ओतलेलं पाणी होतं, हे तिला कळत होतं. त्याच्या त्या हसण्याची तिला शिसारी आली.

"घाण पाणी आत कुठून येतं, ते दाखवा."

बार्रागानचं हसू जरा आखडलं. "शहरातली नाकं फार नाजूक असतात, मॅडम. तिकडे कशाला?"

"दाखवा."

केंद्राच्या मागच्या अंगाला पहिली टाकी होती. म्हणजे असायला हवी होती. तिथे जमिनीलगत सिमेंटचा एक सपाट चौथरा होता. ना झाकण, ना शिडी. गावाकडून येणारा मोठा पाइप टाकीपर्यंत पोचतच नव्हता. अलीकडेच वळून तो सरळ नदीत तोंड उघडून बसला होता.

मावशीने फोटो काढायला मोबाइल उचलला.

आणि तेव्हा...

टक्.

तिने मागे पाहिलं. कुणी नव्हतं.

टक्... टक्...

आवाज खालून येत होता. सिमेंटच्या खालून.

"काय वाजतंय?"

"पंप आहे, मॅडम. आतला."

"मग बंद करा पंप."

बार्रागानने खांबावरचा खटका खाली ओढला. घरघर थांबली. सगळीकडे सामसूम झाली. पाखरू नाही, पान हलत नाही.

टक्... टक्... टक्...

"उन्हाने सिमेंट तडकतं," बार्रागान मोठ्याने म्हणाला. जरा जास्तच मोठ्याने. "चला, चला, तोर्तियाच्या भाकऱ्या गार होतायत!"

मावशीने एवारिस्तोकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. त्यालाही ऐकू येत होतं.

मावशी फाटकाकडे चालू लागली. गाडीतून हातोडी आणायची होती. फाटकाबाहेर, भिंतीच्या चिमूटभर सावलीत, एक बाई बसली होती. डोक्यावरून ओढणी, पाय अनवाणी.

"तुम्ही सरकारी का हो, बाई?"

"हो."

"मग आत माझा नवरा आहे का, तेवढं बघा ना. फिदेन्सिओ. इथेच कामाला होता."

बाईचं नाव हासिन्ता. मागच्या वर्षी वरून कोणी साहेब बघायला येणार म्हणून फिदेन्सिओला घाईघाईने टाकीतली माती, पाचोळा काढायला बोलावलं होतं. तो परत आला नाही. नगरपालिकेने सांगितलं, तो सीमा ओलांडून उत्तरेच्या देशात पळाला.

"बायकोला न सांगता?" हासिन्ता म्हणाली. "बरं, पळाला म्हणू. मग त्याचा पगार अजून माझ्या घरी कसा येतो? पळालेल्या माणसाला पगार कोण देतं, बाई?"

मावशीने वही काढून नाव लिहून घेतलं.

"ए, ऊठ इथून!" मागून बार्रागान ओरडला. "मॅडम, हिच्या नादी लागू नका. डोकं फिरलंय तिचं."

मावशी हातोडी घेऊन परत आत गेली. त्या चौथऱ्यावर गुडघे टेकून बसली आणि तळहात ठेवला.

सिमेंट गार होतं.

ऊन भाजत होतं. शेजारचा कठडा हात लावू देत नव्हता. आणि ते सिमेंट... बर्फासारखं गार.

तिने हातोडीने हळूच ठोकलं.

खालचा आवाज थांबला.

एक क्षण काहीच नाही. मग... तिच्या तळहाताच्या नेमकं खाली... कुणीतरी नखांनी खरवडायला सुरुवात केली.

आणि वास आला.

मावशी म्हणते, नदीचा वास त्यापुढे काहीच नव्हता. सडलेलं मांस, विष्ठा आणि कुजलेली अंडी, सगळं एकदम घशात कुणी कोंबावं तसा. चौथऱ्याच्या कडेने काळं, चिकट काहीतरी झिरपत होतं. जिथे कधी मैल्याचा थेंब आला नाही, त्या टाकीतून.

ती ओकारी दाबत उठली. "फोडा हे."

"फोडा?" बार्रागानने नाकाला रुमाल लावला नव्हता. त्याला वास येतच नव्हता. "तुमच्या आदेशात बघणं लिहिलंय, मॅडम. फोडणं नाही. सरकारी मालमत्ता आहे ही."

"खाली माणूस आहे!"

"खाली माती आहे. आणि वर तुम्ही आहात. तुमच्याही वर कुणी साहेब असतील, नाही का? त्यांच्याशी बोलू की आपण."

एवारिस्तोने तिचा दंड धरून बाजूला नेलं. "हर्मिनिया, कशाला खपली काढतेस? आपण पोलीस आहोत का? लिही, केंद्र चालू आहे, किरकोळ त्रुटी. चल घरी."

"तू ऐकलंस."

"मी काही ऐकलं नाही."

"एवारिस्तो, तू ऐकलंस!"

त्याने मान फिरवली. गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवला आणि सही केली. बार्रागानने त्याच्या पाठीवर थाप मारली. मावशीने सही केली नाही.

गाडी गावाबाहेर पडली तशी एवारिस्तोने काच खाली केली. मग दुसरी. मग म्हणाला, "तुझ्या बुटाला काही लागलंय का?"

मावशीला आता वास येत नव्हता. बिलकुल नाही.

घाटातल्या खानावळीत त्याने गरम तोर्तिया तोंडाजवळ नेली आणि फेकून दिली. कॉफी हुंगली आणि धावत बाहेर गेला. मावशी मागोमाग गेली. तो भिंतीला धरून ओकत होता. सकाळपासून त्याच्या पोटात काही गेलं नव्हतं.

पण जे पडत होतं ते काळं होतं... चिकट होतं.

ऑफिसात साहेबाने मावशीला बोलावलं. "तुमची सही नसली तरी चालतं, ओल्वेराबाई. एक पुरते. फाइल पुढे गेली." आणि समोरच्या बशीतला गोड पाव चहात बुडवून खात राहिला. मावशी सांगते, त्या दिवशी तिला टाकीची वाटली नव्हती एवढी किळस त्या बोटांची वाटली. साखर लागलेली, गुबगुबीत बोटं. तिने वर पत्र लिहिलं. उत्तर नाही. पुन्हा लिहिलं. तिची बदली नोंदणीच्या खोलीत झाली.

एवारिस्तो मात्र वाळत चालला. दिवसातून कितीदातरी आंघोळ करायचा. अंग घासून घासून सोललं होतं. बायकोला काही वास येत नव्हता, पण तो तिला जवळ येऊ देईना. म्हणायचा, "माझ्या तोंडात आहे. जिभेखाली आहे."

एका रविवारी तो मावशीच्या दारात उभा राहिला. गालफडं आत गेलेली, सदरा खांद्यावरून लोंबत होता.

"चल," तो म्हणाला. "मी खोटी सही केली असं लिहून द्यायचंय. मी आवाज ऐकला असंही लिहून द्यायचंय."

"नोकरी जाईल. पेन्शनही जाईल."

"जाऊ दे गं. मला फक्त एकदा धड जेवायचंय."

दोघं सरकारी वकिलाकडे गेले. सही करणाराच उलटला म्हटल्यावर त्यांना हलावंच लागलं. बार्रागान तोवर बढती घेऊन राजधानीत गेला होता.

पाऊस संपल्यावर चौथरा फोडायचं ठरलं. सकाळी, लख्ख उजेडात. वकील, दोन पोलीस, फोडणारे मजूर, मावशी आणि एवारिस्तो. फाटकाशी हासिन्ता.

पहिला घण बसला तसा आतून वास उसळला. या वेळी सगळ्यांना आला. एक पोलीस जागीच ओकला. मजुरांनी तोंडाला फडकी बांधली.

सिमेंटखाली लोखंडी जाळी होती. टाकीच्या तोंडावरची. जाळीवर सिमेंटच्या गोणीचे कागद पसरून वरून ओतून टाकलं होतं. जाळी उचलली. आत बॅटरी मारली.

टाकी रिकामी होती.

कोरडी... स्वच्छ. तळाला थेंब नाही, हाड नाही, कपड्याची चिंधी नाही. आणि वास त्या रिकाम्या जागेतून येत होता.

एवारिस्तोने बॅटरी घेऊन पुन्हा कोपरा न् कोपरा पाहिला.

मग मजुरांनी सिमेंटचा एक मोठा तुकडा जाळीसकट उलटा केला. ओलं असताना सिमेंट कागद फाडून जाळीच्या गजांतून खाली लोंबलं होतं. आणि त्या लोंबलेल्या सिमेंटमध्ये...

बोटं उमटलेली होती.

खालून वर ढकलणारी. अंगठा, चार बोटं, नखांसकट. एका जागी नाही, सगळीकडे.

म्हणजे सिमेंट ओतलं तेव्हा...

मावशी म्हणते, तिला भीती वाटलीच नाही. तिला फक्त घाण वाटली. माणसांची. अत्तर लावून, मोले खाऊ घालून, वर मासे सोडणाऱ्या माणसांची.

वकिलाने हासिन्ताला आत बोलावलं. "बाई, मन घट्ट करा. तुमच्या नवऱ्याचे हात..."

हासिन्ता वाकली. त्या खुणांवरून हळूहळू बोटं फिरवली. एकेका खुणेवरून. मग ती उभी राहिली.

"हे त्याचे नाहीत."

"बाई, मला समजतंय की..."

"साहेब, फिदेन्सिओची उजव्या हाताची दोन बोटं लहानपणीच उसाच्या चरकात गेली. डाव्याचा अंगठा नव्हता." तिने पुन्हा त्या सिमेंटकडे पाहिलं. "इथे दोन्ही हातांची सगळी बोटं आहेत."

"मग हे कोणाचे?"

तिने उलट विचारलं, "आणि माझा कुठे आहे?"

गावातून दुसरं कुणी हरवल्याची तक्रार नव्हती. आजूबाजूच्या गावांतूनही नाही. पगाराच्या यादीवरचे सगळे जिवंत निघाले. फिदेन्सिओ सोडून. चौकशी अजून 'चालू' आहे. बार्रागान अजून राजधानीत आहे. एवारिस्तोचा वास गेला का, तर नाही. पुढच्या उन्हाळ्यात एवारिस्तोच वारला. शेवटी पाणीसुद्धा घशाखाली उतरत नव्हतं.

मागच्या वर्षी मावशी रजा काढून त्या गावात गेली होती. केंद्राला कुलूप आहे, पण मागची भिंत पडलीय. हासिन्ता रोज तिथून आत जाते आणि उघड्या टाकीच्या काठावर जेवण ठेवते. भात, घेवडा, तोर्तिया.

दोन ताटं.

"एक त्याचं," ती मावशीला म्हणाली. "आणि एक... जो कोण आहे त्याचं. त्याला कुणी विचारत नाही ना."

मावशी संध्याकाळपर्यंत थांबली. तिथे कुत्रं येत नाही, कावळा येत नाही, मुंगीसुद्धा नाही. उजेड होता तोवर तिने नजर हलवली नाही असं ती शपथेवर सांगते. फक्त एकदा हासिन्ताने हाक मारली म्हणून मान वळवली.

परत पाहिलं तेव्हा एक ताट जसंच्या तसं होतं.

दुसरं चाटून पुसून स्वच्छ.

कुठलं कोणाचं, ते मावशीने विचारलं. हासिन्ताने दोन्ही ताटं उचलली, ओढणीखाली घेतली आणि निघून गेली.