या, सावकाश या

भुताच्या गोष्टी रात्रीच घडतात असं तुम्हाला वाटत असेल. ही भर दुपारी सुरू झाली. मागच्या वैशाखात, दिंद्रुडला, घरभर माणसं बसलेली असताना.

खरं-खोटं करायला कुणाला यायचं असेल तर मी माझा पत्ता देतो. फक्त दारात उभं राहून "येऊ का?" असं विचारू नका.

मी उत्तर देणार नाही.

का, ते कळेलच.

माझं नाव वीरेश. माजलगावात आमचा फोटो स्टुडिओ आहे. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, चालवलेला. पासपोर्टचे फोटो, बारशाचे फोटो, शाळेचे ग्रुप फोटो... आणि मयताचा शेवटचा फोटो.

आम्ही लिंगायत. आमच्यात मयताला आडवं निजवत नाहीत. भिंतीला टेकवून बसवतात. कपाळाला भस्म, गळ्यात हार, डाव्या तळहातावर इष्टलिंग. घरची माणसं दोन्ही बाजूंना बसतात आणि फोटो निघतो. मग तसंच बसवून मातीला नेतात.

अण्णांनी असे कितीतरी फोटो काढले. दर वेळी बटण दाबण्याआधी ते मयताकडे बघून म्हणायचे, "आता हलू नका."

जिवंत गिऱ्हाइकाला सांगावं तसं!

मला हसू यायचं. मेलेला माणूस हलून जाणार कुठं? एकदा कारण विचारलं तर अण्णा खेकसले, "माझ्या बापानं सांगितलंय. म्हणायचं म्हंजी म्हणायचं."

आमच्या समोरच्या गाळ्यात इसाकभाईचं व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं. वल्ली माणूस. मांडवात नवरी यायला लाजली की हा कॅमेऱ्यामागून गोड आवाजात म्हणायचा, "या, सावकाश या... इकडं बघत या." आणि नवरी यायचीच. तालुक्यातल्या निम्म्या नवऱ्या त्या आवाजावर चाललेल्या आहेत.

दोनेक वर्षांपूर्वी मोबाइलवर बातमी आली. फोटोचे कॅमेरे बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीनं सिनेमाचे कॅमेरे बनवणारी कंपनी अख्खी विकत घेतली. इसाकभाई मोबाइल नाचवत आमच्या दुकानात शिरला.

"बघ बे वीरेश! फोटोवाल्यानं पिच्चरवाल्याला घेतलं. आता तू मला घेऊन टाक!"

तेव्हा आम्ही हसलो. पण पुढं साखरेनं त्याची नजर अधू झाली. फोकस चुकायला लागला, तशी चेष्टा खरी झाली. मी त्याचं दुकान घेतलं. लाइट, स्टँड आणि त्यानं जिवापाड जपलेला खरा सिनेमाचा कॅमेरा. लग्नसराईभर त्यानं मला सोबत राहून शिकवलं. कॅमेऱ्याबरोबर त्याचं ते वाक्यही माझ्या तोंडी बसलं.

अण्णा एवढंच म्हणाले, "घेतलास ते बरं केलंस. पर मयताला त्यो नेऊ नको."

"कावून?"

"फोटोत माणूस थांबतो. त्याच्यात चालतो."

म्हातारपणाचं बोलणं म्हणून मी सोडून दिलं.

आणि वैशाखात दानम्मा आत्या गेली.

अण्णांची थोरली बहीण. दिंद्रुडला दिलेली. कमरेच्या बटव्यात कायम अडकित्ता. ती घरात कुठं आहे हे बघावं लागायचं नाही. कट्... कट्... ऐकू यायचं. माझी सहा वर्षांची रुद्राणी म्हणजे तिचा जीव की प्राण. आमच्याकडे आली की परत जाताना पोरीचा हात धरायची आणि म्हणायची, "चल गं, माझ्यासंगं." पोर चप्पलसुद्धा न घालता निघायची. चार दिवस दिंद्रुडला राहून यायची.

मी फोटोचा कॅमेरा घेऊन निघालो होतो. वाटेत आतेभावाचा, बसवेशचा फोन आला.

"रोहिणी दुबईला हाय. तिला यायला जमंना. तिला आई दिसाया पायजे. फोटो नको वीरेश, पिच्चर काढ."

बहिणीसाठी रडणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? मी गाडी वळवली. दुकानातून सिनेमाचा कॅमेरा घेतला.

आत्याला बसवलं होतं. मान जराशी डावीकडे कललेली. डोळे मिटलेले. डाव्या बाजूला रुद्राणी, तिच्यामागं माझी बायको शिवांजली. अण्णा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसले होते. त्यांना बाहेर येववत नव्हतं.

मी स्टँड लावला. बसवेश दारातून हार घेऊन येणार होता. कॅमेरा चालू केला. आणि सवयीनं तोंडातून गेलं...

"या, सावकाश या... इकडं बघत या."

मी बसवेशला म्हणालो होतो.

पण कॅमेरा आत्याकडे रोखलेला होता.

पंखा थांबला.

लाइट गेली असेल. मराठवाड्यात लाइट जायला भुतं लागत नाहीत. पण त्याच क्षणी बायकांचं रडणंही थांबलं. एकदम. सगळ्याजणी एकमेकींकडे बघायला लागल्या, आपण का थांबलो ते कुणालाच कळेना.

त्या शांततेत...

कट्.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर माणसाच्या तोंडाभोवती एक छोटा चौकोन येतो. डोळे दिसले की यंत्र तोंड पकडतं. हार घेऊन आत आलेल्या बसवेशभोवती चौकोन होता. रुद्राणीभोवती होता. आत्याभोवती इतका वेळ नव्हता.

आता आला.

मी मान वर करून पाहिलं. आत्या तशीच बसलेली. डोळे मिटलेले. मी कॅमेरा बंद केला.

माती देऊन परत निघालो. गाडीत अण्णांनी विचारलं, "हलू नका म्हणलास का?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मग काय म्हणलास?"

मी सांगितलं.

अण्णा माजलगाव येईपर्यंत मागच्या काचेतून रस्त्याकडे बघत राहिले. घरी आल्यावर आम्हा सगळ्यांना आधी आत घेतलं. रस्त्याकडे एकदा पाहिलं आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात इसाकभाईला बोलावलं. दोघं मिळून शूटिंग बघायला बसलो. उन्हं डोक्यावर होती, बाहेर रसवंतीचं घुंगरू वाजत होतं. भिण्यासारखं काहीच नव्हतं.

पडद्यावर माझा आवाज आला. "या, सावकाश या..."

आत्याची कललेली मान सरळ झाली.

तळहातावरच्या लिंगाभोवती बोटं मिटली. एकेक करून.

आणि डोळे उघडले. ती कॅमेऱ्याकडे बघत होती. मी सांगितलं होतं ना, इकडं बघत या.

मग नजर हळूच वळली... शेजारी बसलेल्या रुद्राणीकडे.

"बंद कर," इसाकभाई म्हणाला. त्याच्या अधू डोळ्यांनाही दिसलं होतं. "बंद कर बे! अल्ला के वास्ते बंद कर!"

तो उठून गेला. चहाचा कप तसाच राहिला. त्यानंतर तो आमच्या दुकानाची पायरी चढलेला नाही.

मी दुकानाचं शटर ओढलं आणि घराकडे पळालो. कॅमेरा तसाच खांद्याला.

रुद्राणी सोफ्यावर बसली होती. अगदी कडेला, अंग चोरून. बाकी सोफा रिकामा.

"नीट बस की बाळा."

"आत्याआजीला जागा नको का?"

मी जवळ गेलो. कपाळाला हात लावला तर अंग तव्यासारखं तापलेलं. शिवांजलीनं औषध दिलं होतं, पण ताप हटत नव्हता. दिवसभर पोरीनं काही खाल्लं नव्हतं. नुसती कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी बसून होती.

तिन्हीसांज झाली. शिवांजली देवाजवळ दिवा लावायला गेली. आणि सोफ्याकडून आवाज आला...

कट्... कट्...

घरात अडकित्ता नाही. आमच्याकडे सुपारी कुणीच खात नाही.

मी कॅमेरा चालू करून सोफ्याकडे धरला. पडद्यावर रुद्राणीभोवती चौकोन आला.

आणि तिच्या शेजारी, रिकाम्या जागेवर... दुसरा चौकोन.

"बाबा," रुद्राणी म्हणाली, "आत्याआजी म्हणती, चल. जाऊ का?"

"नको! कुटं जायचं न्हाई!"

रिकामा चौकोन वर उचलला गेला. कुणी उठून उभं राहावं तसा. मग दाराकडे सरकू लागला. हळूहळू. सावकाश.

रुद्राणी उठली. एक हात वर धरलेला. अनवाणी. त्याच्यामागून चालायला लागली.

शिवांजली किंचाळत धावली. पोरीला कमरेत धरून ओढलं. मीही ओढलं. सहा वर्षांची ताप आलेली पोर, आम्हा दोघांना हलेना. वर धरलेला हात तेवढा ताणला जात होता. खांद्यापासून निखळेल असा. पोर रडत नव्हती. हसत होती. मला तेच सहन होत नव्हतं.

दार उघडंच होतं. पोरीचा पाय उंबऱ्याला टेकला.

"फोटोचा घे!" अण्णा आतून ओरडत आले. "वीरेश, फोटोचा घे! थांबीव तिला!"

भिंतीला फोटोचा जुना कॅमेरा अडकवलेला होता. मी तो खेचला. दिसत काहीच नव्हतं. नुसती दाराची चौकट आणि माझी पोर. मी जिवाच्या आकांतानं ओरडलो...

"आत्या, आता हलू नका!"

आणि बटण दाबलं.

कट्... हा आवाज अर्ध्यातच तुटला.

रुद्राणी आमच्या अंगावर कोसळली. रडायला लागली, भूक लागली म्हणाली. आयुष्यात तिच्या रडण्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता. सकाळपर्यंत ताप उतरला.

अण्णा मात्र दारातच बसून राहिले. थोरल्या बहिणीला निरोप द्यावा तसे, हवेत हात जोडून.

तो फोटो माझ्याकडे आहे. रुद्राणी हात वर करून उभी आहे. आणि उंबऱ्यात पाठमोरी आत्या. एक पाय बाहेर, एक आत. भस्म लावलेल्या हातात माझ्या पोरीचा हात.

ती निघाली होती. आणि मी तिला थांबवलं. आमच्याच उंबऱ्यात.

रोहिणीला अजून सांगतो, कार्ड खराब झालं, शूटिंग गेलं. ती शिव्या देते. देऊ दे. सिनेमाचा कॅमेरा पेटीत बंद आहे. मी पुन्हा फोटोवाला झालोय.

आमच्या घरात आता कुणी कुणाला "या" म्हणत नाही. पाहुणा आला की आम्ही नुसती मान हलवतो. सोयरे म्हणतात, वीरेशला पैशाची मस्ती आली. म्हणू द्यात.

एक गोष्ट मी शिवांजलीलाही सांगितलेली नाही. रोज शाळेला निघताना रुद्राणी उंबऱ्यात क्षणभर थांबते. एक हात वर करते. मग हळूच झटका देऊन खाली घेते. कुणाच्या तरी मुठीतून सोडवून घ्यावा तसा. आणि उड्या मारत निघून जाते.

काल संध्याकाळी शेजारच्या रुक्मिणीबाईंकडे पाहुणे आले. म्हातारी माणसं. पायऱ्या उंच आहेत, म्हणून रुक्मिणीबाई दारातून मोठ्यानं म्हणाल्या, "या, या... सावकाश या."

दोन्ही दारांत हातभराचं अंतर आहे.

मी जेवत होतो. घास हातातच राहिला. कान देऊन ऐकलं. बराच वेळ काहीच नाही. मग उंबऱ्याकडून...

कट्.

आज सकाळी रुद्राणी दप्तर पाठीला लावून दारात थांबली. हात वर केला. झटका दिला. परत दिला.

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, आज हात सुटंना."