छातीतलं दार

पाचवीची सगळी तयारी झाली होती. पाटा धुऊन मांडला होता, त्याच्यावर हळदकुंकू आणि तांदळाची रास, बाजूला दिवा. नवं पेन बाळाच्या बापानं, पुंडलिकनं सकाळीच बोईसरहून आणून ठेवलं होतं. कोरा कागद मात्र विसरला, आणि तसाच होडीवर निघून गेला.

"आता कागद कुठून आनू?" सासू कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "दुकान बंद हाय. थांब, आत्मारामकडं बघते."

दांडी गावातल्या घरांत ही रीत चुकत नाही. बाळ पाच दिवसांचं झालं की सटवाई येते आणि पाट्यावरच्या कोऱ्या कागदावर त्याचं नशीब लिहून जाते. लिहिलेलं आपल्याला दिसत नाही. कागदाची घडी करायची आणि बारशापर्यंत बाळाच्या उशाखाली ठेवायची.

पुष्पलता आतल्या खोलीत खाटेवर पडली होती. शेगडीवर ओवा-शेपा जळत होता, धुरानं डोळे चुरचुरत होते. तिचं हे पहिलंच बाळ, मुलगी. बाळ झोपलं की ती त्याच्या नाकापुढं बोट धरून बघायची. बोटाला ऊब लागली की मग स्वतः श्वास सोडायची.

आत्माराम त्यांच्याच ओटीवरच्या खोलीत भाड्यानं राहायचा. मूळचा पालघरचा. बोईसरच्या एका छापखान्यात मासिकांची चित्रं काढायचा. पण त्याची चित्रं म्हणजे एक तऱ्हाच. होडीला दात, बाईच्या वेणीतून निघणारे खेकडे, ताडावर लोंबणारं घड्याळ. छापखान्याचा मालक म्हणायचा, "माणूस काढ, माणसासारखा." एकदा शिमग्याला पुंडलिकनं त्याचं एक चित्र काठीला बांधून गावभर नाचवलं होतं आणि शेवटी होळीत टाकलं होतं. सगळे पोट धरून हसले. आत्माराम पण हसला होता. पुष्पलताला ते हसणं बरं वाटलं नव्हतं.

सासू कागद घेऊन आली. एक बाजू कोरी, दुसऱ्या बाजूला शिसपेन्सिलीचं काहीतरी.

"मागं चित्र हाय ना?" पुष्पलतानं विचारलं.

"याला काय चित्र म्हनतात? पोराच्या छातीला दार काढलंय मेल्यानं. समज कोराच हाय." सासूनं कोरी बाजू वर केली, कागद पाट्यावर ठेवला आणि दिवा लावला.

ओटीवरून आत्मारामचा आवाज आला, अगदी मऊ. "कोराच म्हणालात ना, काकू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळ दूध ओढेना. ओठ पांढरे, अंग मऊ पडलेलं, ओल्या फडक्यासारखं. सासूनं दृष्ट काढली. दुपारी बाळ आपोआप लालबुंद झालं, हातपाय झाडत भुकेनं रडलं. संध्याकाळी पुन्हा तेच. पालघरच्या डॉक्टरांनी घरी येऊन बघितलं तेव्हा बाळ छान खेळत होतं. ते म्हणाले, "उगाच घाबरता."

मग एकदा बाळ असंच मलूल पडलेलं असताना पुष्पलताचं खिडकीबाहेर लक्ष गेलं. होड्या चिखलात आडव्या पडल्या होत्या. पाणी लांब गेलं होतं. ओहोटी.

तिनं बाळाच्या छातीला कान लावला.

आत समुद्र होता. लांबवर गेलेला, वाळूवरून हळूहळू मागं सरकणारा... सर्रर्र... सर्रर्र... तिनं कान काढला तर गालाला ओल. चाटून बघितलं, खारट.

उशाखालचा कागद तिनं उलटा केला. चित्रात एक तान्हं मूल झोपलं होतं. छातीत छोटंसं दार, कडी लोंबत असलेलं, अर्धं उघडं. आत क्षितिजापर्यंत पाणी. मुलाच्या डाव्या कानाखाली तीळ होता. तिच्या बाळाला होता तिथंच. आणि चित्राखालची तारीख तर बाळ जन्मायच्या आधीची होती.

सटवाईला कागदावर नशीब आधीच लिहिलेलं सापडलं, मग ती दुसरं कशाला लिहील?

बारा दिवस व्हायच्या आतच बाळंतीण उंबरा ओलांडून बाहेर आली. सासू ओरडत राहिली. आत्माराम खोलीत पेन्सिलीला टोक काढत बसला होता.

"दार पुसून टाका, भाऊ. पाया पडते."

त्यानं बाळाच्या छातीला कान लावला. बराच वेळ ऐकत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर आनंद असा पसरला, जसा बाळ बघून बापाच्या चेहऱ्यावर पसरतो.

"ऐकलंत ना, वहिनी? कॅलेंडरवर गुटगुटीत पोरं काढणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या एका तरी पोराच्या छातीत पाणी हललं का? आणि म्हणे ही कला नाही."

"माझं लेकरू जाईल हो..."

"माझं चित्र जळलं तेव्हा तुमचा नवरा ढोल वाजवत होता."

पुंडलिक दर्यावरून परतला. त्यालाही आधी खरं वाटेना. मग त्यानं कान लावला. जन्म दर्यावर गेलेला माणूस, तो आवाज त्याला कोण शिकवणार?

"आवस आली," तो पुटपुटला. "उधानाला पानी जेवढं चढतं ना, तेवढंच आत हटतं. खडक उघडे पडतात..."

चित्राला हात लावण्याआधी आत्मारामनं अट घातली. पुंडलिकनं अंगणात, चार लोकांदेखत बोलायचं. अवसेच्या सकाळी लोक जमले. पुंडलिक मान खाली घालून म्हणाला, "आत्मारामचं चित्र म्हंजे कला हाय."

"ऐकू नाही आलं."

"कला हाय!"

"शिमग्याला तर चांगला आवाज होता तुमचा. आता काकू."

सासूनं पदर तोंडाला लावला आणि तेच म्हटलं. कुणीतरी फिदकन हसलं. आत्मारामनं त्याच्याकडं बघितलं तसं ते हसणं थांबलं.

मग तो पेन्सिल घेऊन पुष्पलतासमोर बसला. "पुसलं तर कागद कोरा होईल, आणि नशीब कोरं असलेलं पोर एक श्वाससुद्धा घेणार नाही. मी दार लावून देतो. सांगा, भरतीला लावू की ओहोटीला?"

"भरतीला," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

पाणी वर चढलं. बाळ टवटवीत झालं, आणि त्यानं चार रेघा ओढल्या. दार मिटलं. कडी बाहेरून घातली. "समुद्र आत राहिला," तो उठत म्हणाला. "आता आतलं बाहेर नाही आणि बाहेरचं आत नाही. जपा." त्याच दिवशी त्यानं खोली सोडली.

अवसेची ओहोटी झाली, खडक उघडे पडले. बाळ दूध पिऊन झोपलं. गाल गुलाबी. पुष्पलता कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

पुढच्या आठवड्यात पुंडलिक होडी घेऊन गेला तो आलाच नाही. बरोबर तिघं होते. वारा नव्हता, वादळ नव्हतं. बाकीच्या होड्या शोधून आल्या, एक फळीसुद्धा मिळाली नाही. जणू समुद्रानं त्यांना भलत्याच दारानं आत घेतलं होतं.

आणि मग भरतीच्या वेळी, बाळाला छातीशी धरलेलं असताना, पुष्पलताला ठोठावणं ऐकू आलं. आतून.

"पुष्पा..." पाण्याखालून यावा तसा आवाज. "कडी काड..."

दार उघडलं तर ओहोटीबरोबर लेकरू जाईल, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिनं बाळाला दुपट्यावर दुपटी गुंडाळली. पण आवाज वाढत गेला. एक दिवस सासूनं पाळण्यात वाकून ऐकलं आणि तिच्या हातातली परडी पडली.

"माजा पुंडलिक हाय गो..."

"नाय, आये. तसं कायतरी वाटतंय."

"माज्या पोराचा आवाज मला वळकत नाय?" सासूनं पाळण्याची दोरी घट्ट धरली. "तू तुज्या पोरीची आय. मी कुनाची?"

त्या दिवसापासून पुष्पलता झोपली नाही. कागद चोळीत ठेवला, बाळ कडेवर. स्वयंपाक कडेवर, धुणं कडेवर. भरती आली की सासू जवळ येऊन बसायची, मान तिरकी करून ऐकायची, आणि मधेच "हो बाबा, हो" म्हणायची.

माणसाचं अंग किती दिवस ओढणार? एका टळटळीत दुपारी, सुकत घातलेल्या बोंबलांचा वास घरभर भरलेला असताना, भिंतीला टेकल्या टेकल्या तिचा डोळा लागला.

जाग आली ती गारव्यानं. चोळीची गाठ सुटली होती, मांडी रिकामी होती. सासू पाळण्यापाशी बसली होती, कागद मांडीवर. अंगठा थुंकीनं ओला करून ती कडीच्या जागी घासत होती, भांड्यावरचा डाग काढावा तशी. अंगठा काळा झाला होता. तोंडभर हसू.

"उठ गो," ती म्हणाली. "पेज वाढ. भिजून आलाय तो."

पाळणा हलत होता. दोरीवरून पाणी ठिबकत होतं. पुष्पलतानं तिकडं बघितलं नाही. जोवर बघत नाही तोवर काही झालेलं नाही, असं काहीतरी तिच्या मनात होतं. ती चुलीकडं गेली आणि ताट घेतलं.

ओटीवर ओली पावलं वाजली. एक. मग दुसरं कुणाचं तरी.

"पुष्पा," पुंडलिकचा आवाज आला, थकलेला, पण त्याचाच. "समद्यांनाच वाढ. आमी समदेच आलो."

तिनं चार ताटं मांडली. होडीवर चौघंच होते.

ओटीवर पावलं वाजतच राहिली.