झिलईखालचा ठसा

गिरिधरपंत सुभेदार कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत, पण धंतोलीत लोक त्यांना ओळखत ते चिनी मातीच्या फुलदाण्यांमुळे. इंग्रज गेले तेव्हा सिव्हिल लाइन्समधल्या बंगल्यांचे सामान लिलावात निघाले होते. त्यातल्या दोन फुलदाण्या त्यांनी हौसेने घरी आणल्या आणि पुढे त्या हौसेचे वेड झाले. जुनी कोणती, नक्कल कोणती, हे ते बुडावरच्या चिनी अक्षरांवरून कधीच ठरवत नसत. अक्षरे कुणीही काढतो, असे म्हणत. ते फुलदाणी उलटी करून बुडाच्या कोऱ्या कडेवरून बोट फिरवत, नखाने टिचकी मारून नाद ऐकत, मग भिंगातून झिलईतले बारीक बुडबुडे पाहत.

यमू गेल्यापासून हे वेड वाढले होते. एकुलती एक मुलगी, सातव्या वर्षी घटसर्पाने गेली. त्यानंतर घरात तिचे नाव निघत नसे. रविवारी प्रमोदिनीबाई फुलदाण्या पुसायला बसत, आणि नवराबायकोचे काय बोलणे व्हायचे ते फुलदाण्यांविषयी.

अडुसष्ट सालच्या थंडीत भिवापूरचे मिरचीचे व्यापारी चंपतराव त्यांच्या दारात आले. काखेत पोत्यात गुंडाळलेले काहीतरी होते. पोते सोडताच तिखटाचा असा भपका उठला की गिरिधरपंतांना शिंकांवर शिंका आल्या.

"मास्तर, तुम्ही अशा वस्तू वळखता म्हणते. आमच्या आज्याले कोण्या साहेबाच्या बंगल्यातून भेटली होती. ठेवून घ्या जी."

"विकायची आहे?"

"विकाची नाही. फक्त घरी नको. काहून ते इचारू नका."

चहाला न थांबता ते निघून गेले.

पांढऱ्या अंगावर निळी फुलांची फांदी, उंच निमुळती मान. बुडाची कड मऊ, तांबूस झालेली. टिचकीचा नाद लांबत लांबत विरला. दोनशे वर्षांची तरी असावी, गिरिधरपंतांनी ताडले. मानेवरून भिंग खाली आणताना झिलईखाली अंगठ्याचा ठसा दिसला. ओल्या मातीवर कारागिराचे बोट उमटते आणि तसेच भाजले जाते. असे ठसे त्यांनी पाहिले होते. हा मात्र लहान मुलाचा होता. त्यावरून एक तिरपा व्रण गेला होता.

त्यांनी भिंग खाली ठेवले. यमूचा अंगठा कंदिलाच्या फुटक्या काचेने कापला होता. नळाखाली तो त्यांनीच धरला होता. व्रण असाच तिरपा राहिला होता.

तिकडे चीनच्या भट्ट्यांवर मुलेही राबत असतील, त्यांचेही अंगठे कापत असतील, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. बायकोला काही सांगितले नाही. पण रविवारी पुसता पुसता प्रमोदिनीबाईंचा हात मानेशीच थांबला.

"अहो, ही आपली..."

गिरिधरपंतांनी त्यांना सगळे समजावले. माती एकदा भाजली की तिच्यावर काही उमटत नाही, झिलईखाली तर नाहीच. प्रमोदिनीबाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग?"

गिरिधरपंतांनी भिंग खिशात घातले.

ती फुलदाणी आतल्या खोलीत गेली. प्रमोदिनीबाई दुपारी तिच्याजवळ बसत, ठशावर आपला अंगठा ठेवून. हळूहळू घरात यमूचे नाव निघू लागले. ती वरणावर कशी रुसायची, मांजराला शाळा कशी शिकवायची. एकदा तर दोघेही हसले. गिरिधरपंतही कॉलेजातून आले की कोट काढायच्या आधी फुलदाणी हातात घेत. ठशाची जागा त्यांना कोमट लागे. उन्हाने असेल, ते स्वतःला सांगत, आणि खोलीला खिडकी नव्हती हे आठवू देत नसत.

होळीच्या सुमारास चंपतराव परत आले. सोबत त्यांची बायको मनकर्णा होती. तिचे गाल आत गेले होते. ओसरीवर टेकता टेकताच ती म्हणाली, "माहा रामा द्या जी मले."

चंपतरावांनी मान खाली घातली. "पोरगा विहिरीत गेला आमचा. त्याचाच आंगठा हाय म्हणते तिच्यावर. म्हणून मी चोरून इथं आणली. पण आता जेवूनच नाही राहिली, मास्तर."

"बाई, तो ठसा मुलीचा आहे," गिरिधरपंतांचा आवाज चढला. "तुमच्या मुलाचा अंगठा कसा होता?"

"चपटा. उखळात चेचला होता त्याचा."

ते आत गेले नाहीत. प्रमोदिनीबाईंनीच फुलदाणी आणून मनकर्णाच्या मांडीवर ठेवली. ओसरीवर लख्ख ऊन होते. गिरिधरपंत भिंग घेऊन वाकले.

ठसा रुंद होता. चपटा, मधोमध दबलेला. तिरपा व्रण नव्हता.

त्यांनी धोतराने भिंग पुसले. पुन्हा पाहिले. तेच.

"तू धर," ते बायकोला म्हणाले.

प्रमोदिनीबाईंनी धरली. इवलासा अंगठा. तिरपा व्रण.

"आता खाली ठेव. कुणी हात लावू नका."

फरशीवरच्या फुलदाणीची मान त्यांनी सगळीकडून पाहिली. झिलई कोरी होती.

प्रमोदिनीबाई मनकर्णाशेजारी बसल्या.

"केवढा होता?"

"नववं लागलं होतं, ताई."

"माझी सात वर्षांची." त्यांनी तिचा हात हातात घेतला. "घेऊन जा तुम्ही."

"अगं, पण..." गिरिधरपंत म्हणाले.

"मला तिचं नाव घेता येतं आता. या बाईंना घास गिळवत नाही."

चंपतराव रिक्षा पाहायला रस्त्यावर गेले, मनकर्णाही डोळे पुसत फाटकापर्यंत गेली. गिरिधरपंतांनी फुलदाणी उचलली. शेवटचे एकदा. अंगठा ठेवला. जागा कोमट होती. त्यांनी भिंग लावले.

ठसा लहान नव्हता.

मोठ्या बाईचा अंगठा होता तो. मधोमध उभी चीर, कडा अजून न मिटलेल्या.

"काय बघताय?" प्रमोदिनीबाई पोते घेऊन मागे उभ्या होत्या.

"काही नाही."

"मग द्या इकडे. त्यांची एसटी चुकेल."

प्रमोदिनीबाईंनी पोत्याचे तोंड उघडून धरले. त्यांच्या उजव्या अंगठ्याला चिंधी होती. सकाळी विळीवर कापले तेव्हा त्या उभ्या चिरेत हळद गिरिधरपंतांनीच भरली होती.